कथिलबाईंची पारख

तवा तापला की नाही हे बघायला आपण त्यावर पाण्याचा थेंब टाकतो. कथिलबाई तापलेलं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायचं हत्यार, गालाजवळ न्यायच्या. घाई नाही, भीती नाही. डोळे मिटून, गालापासून दोन बोटांवर ते तापलेलं टोक धरायचं आणि निकाल द्यायचा, "अजून नाय. थांब जराशी," नाहीतर, "जास्त झालं गो, काढ पिन." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच होते. त्यांच्या उजव्या गालावर मसुराएवढा काळपट व्रण होता. तो कशाचा हे उघड दिसत होतं, तरी मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. "शिकत होते तवाचा हाय," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं झाली. परत एकदा पन नाय."

कथिलबाई हे नाव आमच्या घरात पडलं आणि ते सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं पाडलं. कारखान्यात त्या मावशी होत्या, कोपरखैरण्याच्या गावठाणात कुणाच्या वहिनी, कुणाच्या आत्या. मीही त्यांना मावशीच म्हणायचे. पण त्या येऊन गेल्या की आमच्या दोन खोल्यांत राळेचा आणि कथलाचा वास रेंगाळायचा. दारात चप्पल काढता काढताच सुधीर विचारायचा, "कथिलबाई येऊन गेल्या वाटतं?" एकदा हे त्यांच्या कानावर गेलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र खूश झाल्या. "बरं नाव हाय की. आजपरत कोनी माज्या कामावरून मना नाव ठेवलं नव्हतं."

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. कोपरखैरण्यातल्या एका सेक्टरात आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि मी जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवत होते. मी वाईची, शाकाहारी घरातली. सुधीर रत्नागिरीचा. त्यामुळे रविवारी मासे आणणं हा विषय लग्नानंतर माझ्या अभ्यासक्रमात आला, आणि पहिले काही रविवार मी त्यात सपशेल नापास झाले. शिळा माल खपवायचा असला की बाजारातल्या बायका मला लांबूनच हाक मारायच्या. अशाच एका रविवारी एका टोपलीमागे बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी माझा डावा हात धरला. टोपली त्यांच्या भावजयीची होती, त्या नुसत्या सोबतीला बसल्या होत्या. माझ्या तर्जनीवरचा गोल फोड त्या निरखून बघत होत्या.

"ही चुलीची भाजनी नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो कथलाचा थेंब हाय. कंच्या कंपनीत हायस तू?"

मी कुठल्याच कंपनीत नव्हते. मला इलेक्ट्रॉनिक्सची हौस होती. मासिकांतली सर्किटं बघून घरी काहीबाही जोडायचं, ते चाललं तर नाचायचं, नाही चाललं तर महिनाभर त्याच्याशी अबोला धरायचा. मी हे सांगितल्यावर त्यांनी भावजयीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पगार नाय?"

"नाही."

"मंग भाजून कशाला घेतेस?"

त्या दिवशी त्यांनी मला मासा घ्यायला शिकवलं. आधी डोळ्यात बघायचं. डोळा काळाभोर, ओला, चकचकीत असेल तर मासा ताजा. डोळ्यावर सायीसारखं पांढरं आलं की पुढे चालू पडायचं, बाई कितीही गोड बोलली तरी. आणि मग माझं बोट पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या, "डाग पन असाच बगायचा. फुगीर नको, पन चमक तीच पायजे. पांढरा पडला तो शिळा. आज चालंल, चार म्हयन्यांनी सोडून देईल." डाग म्हणजे सोल्डरचा जोड. इतकी वर्षं मी मासिकांमधून 'कोल्ड जॉइंट'ची, म्हणजे कच्च्या जोडाची, व्याख्या वाचत होते. ती मला मासळीबाजारात कळली.

त्यांची खाडीकाठची शेती नवं शहर वसताना गेली होती. नवराही लवकर गेला. पस्तिशीला आलेल्या, चौथी शिकलेल्या या बाई महाप्याच्या एका कारखान्यात झाडूचं काम मिळतंय का बघायला गेल्या. टीव्ही आणि फ्रिजला लागणारे व्होल्टेज स्टॅबिलायझर तिथे बनत. त्या दिवशी जोडणीच्या लाइनवरची एक मुलगी आली नव्हती, म्हणून सुपरवायझरनं यांना तिच्या जागी बसवलं. संध्याकाळी त्यानं यांचे पीसीबी, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या सर्किटच्या पाट्या, उलटसुलट करून बघितले आणि झाडू दुसऱ्या कुणाला दिला. हे सांगताना दरवेळी त्यांची मान ताठ व्हायची. "माशे साफ करनारा हात हाय," त्या म्हणायच्या. "काटा कुटं हाय ते बोटाला कळतं."

माझ्या हौसेचं दुखणं असं होतं की माझ्याकडे अगदी साधं, स्वस्तातलं आयर्न होतं. पिन लावली की ते तापत सुटायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. पीसीबीवरच्या तांब्याच्या नाजूक पट्ट्या त्याच्या उष्णतेनं सुटून वर यायच्या. मला सोल्डरिंग स्टेशन हवं होतं. म्हणजे आयर्नसोबत एक डबा, त्यावर आच कमीजास्त करायचं बटण, आणि आयर्न टेकवायला नीट स्टँड. परदेशी स्टेशनं माझ्या कित्येक पगारांच्या पलीकडची होती. देशी तीन-चार होती. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून माहितीपत्रकं आणली, शाळेच्या फूलस्केप वहीत तक्ता आखला. वॅट, तापमान, वायरची लांबी, गॅरंटी. सहा महिने तो तक्ता वाढतच गेला. सुधीर म्हणायचा, "तुला बघायला आलो तेव्हा माझा तक्ता केला होतास का गं? मी पास कसा झालो?"

कथिलबाईंनी तो तक्ता मला वाचून दाखवायला लावला. शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "बिट कुटं लिवलंय?" बिट म्हणजे आयर्नचं पुढचं टोक, जे झिजतं आणि बदलावं लागतं. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. "मशीन एकदा घ्यायचं, बिट दर वर्साला," त्या म्हणाल्या. "ज्याचं बिट मिलत नाय त्याच्याशी सोयरीक करू नको." मी वहीत नवा रकाना आखला. त्यांना हसू आवरेना.

रविवारी दुपारी बाजार उठला की त्या आमच्याकडे यायला लागल्या. मी त्यांच्याकडून हात शिकायचे आणि त्या मला प्रश्न विचारायच्या. चौदा वर्षं रोज शेकडो सुटे भाग जोडूनही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की त्यातला कुठला काय करतो. सांगावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. काळ्या दाण्यासारखा, एका टोकाला पट्टा असलेला डायोड त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. "ह्यो उलटा लागला की सुपरवायझर बोंबलतो," त्या म्हणाल्या. "का बोंबलतो?" मी सांगितलं, याच्यातून वीज एकाच दिशेनं जाते, उलटी येऊ शकत नाही. त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले आणि मांडीवर थाप मारली.

"म्हंजे उघाडी!"

आता प्रश्न विचारायची पाळी माझी होती. खाडीलगतच्या शेताच्या बांधात एक लाकडी झडप असायची, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं, त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही. त्यांचे वडील ती झडप राखायचे. पुढे जितकी वर्षं मी शिकवलं, तितकी वर्षं माझ्या वर्गात डायोड उघाडीवरूनच समजावला गेला, आणि तो कुणाही मुलाला कधी कठीण वाटला नाही.

गणपतीच्या आसपास त्या गप्प गप्प राहायला लागल्या. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की कारखान्यात त्यांचा माल तपासणीतून परत येत होता. प्रत्येक पीसीबीच्या कोपऱ्यात तो करणाऱ्या बाईचा नंबर लिहिलेला असायचा. त्यांचा होता सतरा. चौदा वर्षांत सतरा नंबरचा माल कधी परत आला नव्हता. आता रोज चार-पाच पीसीबी त्यांच्या ट्रेमध्ये लाल खुणा होऊन परत यायचे. सुपरवायझरनं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत सुधारलं नाही तर लाइनवरून उठवून पॅकिंगला बसवीन. पॅकिंगमधल्या बायकांना काम कमी झालं की आधी घरी बसवत.

"आयर्न मेलंय माजं," त्या म्हणाल्या. "आच धरत नाय. सांगून सांगून दमले. तू तुजं ते मशीन घे गो लवकर. मी त्याच्यावर चार डाग मारून सायबाला नेऊन दाखवते. बग म्हनते, आयर्न चांगलं असलं की सतरा नंबरचा माल कसा येतो ते."

अशा रीतीनं माझी सहा महिन्यांची चालढकल एका आठवड्यात संपली. माझ्या हौसेपेक्षा मोठं काम आता त्या स्टेशनला होतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी वाशीच्या एका दुकानात गेलो. मी वही घेतली होती. त्यांनी कनवटीला एक जुनी औषधाची डबी लावली होती. तिच्यात कथलाची तार, राळेचा खडा आणि एक जुना पीसीबी होता.

दुकानदारानं तीन स्टेशनं काउंटरवर मांडली. पहिल्यावर लाल आकडे लुकलुकत होते. "मॅडम, डिजिटल घ्या. एकदम फॉरेनसारखा पीस. टेन्शनच नाय," तो म्हणाला. कथिलबाईंनी आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी थंड आयर्न माझ्या हातात दिलं, त्याच्या टोकाखाली दुकानाचंच एक बिलबुक सरकवलं आणि म्हणाल्या, "तुजं नाव लिव."

"अहो, हे पेन नाहीये, मावशी."

"लिव तर."

मी थंड टोकानं कागदावर माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावापर्यंत येईतो मनगट दुखायला लागलं. वायर जाड आणि ताठ होती, प्रत्येक अक्षराला हात मागे ओढत होती. "शंबर डाग मारायचेत तुला," त्या म्हणाल्या. "ही वायर तुला पन्नासात रडवील." दुसऱ्याची वायर बरी होती. तिसरं होतं एक करड्या रंगाचं, अगदी गरीब चेहऱ्याचं खोकं. बटणावर अंशही नव्हते, नुसतं एक ते पाच. पण त्याची वायर मऊ होती आणि त्यानं लिहिताना माझं अक्षर जवळजवळ माझंच वाटलं. दुकानदाराला आता मजा वाटू लागली होती. त्यानंही एकदा आपलं नाव लिहून बघितलं.

मग त्यांनी तिन्हींच्या पिना लावायला सांगितल्या. एकेक आयर्न गालाजवळ नेलं. दुकानदार "अरे अरे मावशी!" करत पुढे झुकला. मग त्यांनी जुन्या पीसीबीवरच्या तांब्याच्या जाड पट्टीवर एकेक टोक टेकवलं आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजले. जाड धातू टोकाची आच शोषून घेतो. ती आच किती लवकर परत येते, ते त्या मोजत होत्या. लाल आकडेवाल्याचे आकडे जागचे हलले नाहीत, पण टोक मात्र गार पडून पट्टीला चिकटून बसलं. "तोंडानं एक बोलतो, पोटात दुसरंच," कथिलबाई म्हणाल्या. दुसऱ्याची आच परत आली, पण त्याची बिटं सुटी मिळत नव्हती. करड्या खोक्याची आच सगळ्यांत लवकर परत आली, आणि त्याची बिटं दुकानात मागे पुठ्ठ्यावर माळेसारखी लटकत होती. माझ्या वहीतल्या तक्त्यात ते शेवटून पहिलं होतं.

शेवटी त्यांनी करड्यावर जुन्या पीसीबीला तीन डाग मारले आणि तो माझ्यापुढे धरला. "बग. डोळे बग कसे हायत. ताजे."

मी बघितलं. दोन चमकत होते. तिसरा पांढुरका होता, रवाळ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मी दुकानदाराकडे बघितलं, त्यानंही तो डाग बघितला आणि नजर खाली वळवली. "मावशी, हा तिसरा जरा पांढरा वाटतो," मी हळूच म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "चौदा वर्सं मारते हाय मी," त्या म्हणाल्या. "कालची पोर तू, मना शिकवते." मी वही मिटली, करडं खोकं घेतलं आणि घरी येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

पण रविवारी त्या आल्या. मी एक रेडिओ जुळवत होते, त्याचा पीसीबी त्यांनी ओढून घेतला आणि दुपारभर त्यावर डाग मारले. हात तोच होता, झरझर चालणारा, एकही हालचाल वाया न घालवणारा. त्या गेल्यावर मी भिंग डोळ्याला लावून एकेक डाग तपासला. मला तपासायचं नव्हतं खरं तर. बहुतेक उत्तम होते. सात पांढरे होते. दोन ठिकाणी कथील शेजारच्या पट्टीवर सांडलं होतं. मग मी स्वतः त्याच आयर्ननं, त्याच कथलानं चार डाग मारले. माझे, म्हणजे एका हौशी बाईचे चारही डाग चकचकीत आले. आयर्न चांगलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की सुधीरनं विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले.

पुढच्या रविवारी बाजारात मी मुद्दाम त्यांना म्हटलं, "मावशी, आज तुम्ही निवडून द्या." त्यांनी एक पापलेट उचललं. कल्ला उघडून बोट आत घातलं, पोट दाबलं, नाकाजवळ नेलं. तीन-चार माशांना असंच केलं. ज्या बाईनं मला सगळ्यांत आधी डोळ्यात बघायला शिकवलं होतं, तिनं एकाही माशाच्या डोळ्याकडे बघितलं नाही.

"डोळा कसा आहे, मावशी?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. भावजय दुसऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तूच सांग. मना सगले सारकेच दिसतात."

आम्ही बाजाराच्या मागे नळाशी जाऊन उभ्या राहिलो. वर्षभर नजरेपुढे धुकं असल्यासारखं होतंय, दिव्याभोवती कडी दिसतात, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईचा मोतीबिंदू काढला तेव्हा तो डोळा गेला तो गेलाच. त्यामुळे डोळ्याला हत्यार लावू द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मोतीबिंदू म्हणायचंच नाही. कथील भेसळीचं म्हणायचं, आयर्न मेलं म्हणायचं. "आयर्नचंच असतं तर बरं झालं असतं गो," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्या बाईंना रडताना मी तेव्हाच काय ते बघितलं.

मी विज्ञानाची शिक्षिका. मोतीबिंदू म्हणजे काय, भिंग कसं काढतात, सगळं मी फळ्यावर काढल्यासारखं सांगितलं. त्यांनी मान वळवली. आकृत्यांनी भीती जात नाही हे मला वर्गातही पुष्कळदा कळलं होतं. मग मी जे बोलले ते कुठून सुचलं मला माहीत नाही. "मावशी, तुम्हीच म्हणता ना, बिट मिळत नसेल त्याच्याशी सोयरीक नको. तुमच्या आईच्या वेळी बिट मिळत नव्हतं. नुसतं जुनं काढून टाकायचे. आता नवीन बसवतात."

"डोळ्यात बसवतात?"

"डोळ्यातच. आत."

"कायमचं?"

"कायमचं."

त्या पदराआडून माझ्याकडे बघत राहिल्या. मग प्रश्न सुरू झाले आणि प्रश्न सुरू झाले म्हणजे त्या तयार झाल्या, एवढी मी त्यांना ओळखत होते. कशाचं बनवतात? ते हलत नाय? आत गरम होत नाय? भात शिजवताना वाफ लागली तर? डॉक्टरांना त्यांनी हेच सगळं पुन्हा विचारलं, आणि शेवटी त्या डॉक्टरांनाही त्यांनी हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते बघितलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हात बरा हाय त्याचा. लाइनवर चालला असता."

ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं, एका डोळ्याचं. कारखान्यात सांगावं लागलंच. सुपरवायझरनं रजा दिली, पण परत आलात की पॅकिंगला, असंही सांगितलं. महिनाभर धुरापासून लांब राहायचं होतं. तो महिना त्यांनी कसा काढला ते त्यांच्या भावजयीलाच विचारावं. डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, नाकावर नवा चष्मा.

"त्यो रेडिओचा बोर्ड आन."

मी म्हटलं, आधी चहा तरी घ्या. त्यांनी ऐकलं नाही. पीसीबी उजेडात धरून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला, अगदी हळू. मी भिंग पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. सात पांढरे डाग त्यांना सापडले, दोन सांडलेले सापडले, आणि माझ्या भिंगातून सुटलेला आठवाही सापडला. करड्या खोक्याची पिन लावली, आयर्न गालाजवळ नेलं, वाट बघितली, आणि एकेक डाग काढून नव्यानं मारला. तासभर मी शेजारी बसून राळेचा तो वास घेत होते. झाल्यावर त्यांनी पीसीबी माझ्यापुढे धरला नाही. स्वतःच बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माफ कर गो बाय. दुकानात तुला बोलले ते."

मी चहा ठेवायला उठले.

त्या रेडिओचा पहिला आवाज त्या संध्याकाळी आला. कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या होत्या. आम्हा तिघांना एक अक्षर कळत नव्हतं. सुधीरनं स्टेशन बदलायला हात पुढे केला तर कथिलबाईंनी तो धरला. "ऱ्हाऊ दे. कुटून येतंय ते?" अर्धा तास त्या कान देऊन ऐकत होत्या.

पॅकिंगमध्ये त्या दहाच दिवस बसल्या. एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुपरवायझरच्या टेबलावर एक पीसीबी ठेवला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तो त्याच जुन्या, त्यांच्या मते मेलेल्या आयर्नवर केलेला होता. पुढच्या सोमवारी सतरा नंबर लाइनवर परत आला. दुसरा डोळाही त्यांनी पुढच्या वर्षी करून घेतला, या वेळी कुणी न सांगता. काही वर्षांनी कारखान्यात यंत्रं आली आणि सगळीच लाइन बंद झाली, पण तोवर त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्या उरणला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना ती औषधाची डबी माझ्याकडे देऊन गेल्या. "भाजून कशाला घेतेस ते कळलं मना," दारात म्हणाल्या. मी विचारलं, कशाला? तर हसल्या आणि उत्तर न देता जिना उतरल्या. त्या गेल्याची बातमी मला पुढे मासळीबाजारातच कळली, त्यांच्या भावजयीकडून. मी तशीच पिशवी घेऊन घरी आले आणि त्या दिवशी आमच्याकडे मासे झाले नाहीत.

करडं खोकं अजून माझ्या टेबलावर आहे. बटणावरचे एक ते पाच पुसून गेलेत, बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. बिट मात्र अजून मिळतं. दुसरा कुणीतरी त्याच मापाचं बनवतो.

मागच्या वर्षी माझे डाग पांढरे पडायला लागले. आधी मी बिट बदललं, मग कथील बदललं. दोन्हींनी फरक पडेना, तेव्हा खोकं म्हातारं झालं असं ठरवलं आणि नवीन सोल्डरिंग स्टेशनसाठी पुन्हा एकदा तक्ता आखायला बसले. बिटाचा रकाना आखताना हात थांबला. दिव्याकडे बघितलं. त्याच्याभोवती कडी होती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "काय त्रास होतोय, काकू?"

मी म्हटलं, "काही नाही गं. नवीन आयर्न घ्यायला निघाले होते."